जन्म, मृत्यू आणि काळोखराजा

अण्णांचा एका कोनशिलेवर राग होता. कोणाचा राग भावकीवर असतो, कोणाचा सरकारवर, कोणाचा नुसताच पोटात असतो आणि समोर येईल त्याच्यावर निघतो. अण्णांचा मात्र हातभर रुंद संगमरवराच्या तुकड्यावर होता, आणि निवृत्त झाल्यावरही तो त्यांनी पेन्शनसारखा नियमित चालू ठेवला होता.

हा संगमरवर शहराच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयाच्या दाराशी डाव्या हाताला बसवलेला आहे. त्यावर उद्घाटकांचं नाव आहे. उद्घाटक सपत्नीक आले होते म्हणून पत्नीचंही आहे. बांधकाम समितीच्या अध्यक्षांचं आहे, झाडून सगळ्या सभासदांची आहेत, ठेकेदाराचं आहे, आणि ठेकेदाराने वडिलांच्या स्मरणार्थ दोन कुंड्या दिल्या म्हणून त्या वडिलांचंही आहे. कुंड्यांतली झाडं पहिल्याच उन्हाळ्यात वडिलांकडे गेली; नाव राहिलं. ज्याने ती इमारत कागदावर काढली त्याचं, म्हणजे अण्णांचं, नाव तेवढं नाही. उद्घाटनाच्या दिवशी त्यांनी दबकत विचारलं होतं. उत्तर मिळालं, "अहो, जागा संपली!"

हे उत्तर देणारा समितीचा सभासद पुढे अण्णांच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहायला आला. समिती बरखास्त होऊन जमाना झाला, तरी सगळे त्याला सभासदच म्हणत. जिना चढताना हा गृहस्थ रोज अण्णांच्या दारापाशी दम खायला थांबे आणि दम खाता खाता सल्ला देई. अण्णांच्या घरातल्या गळक्या नळापासून मुलीच्या लग्नापर्यंत असा एकही विषय नव्हता, ज्यावर सभासदाने दम खाल्ला नव्हता.

अण्णा पालिकेच्या बांधकाम खात्यात आर्किटेक्ट होते. उभ्या नोकरीत त्यांच्या वाट्याला कुंपणाच्या भिंती, पाण्याच्या टाक्यांची झाकणं आणि सार्वजनिक मुताऱ्या आल्या. इमारत म्हणावी अशी ही एकच. आणि तीही त्यांनी काढली तशी उभी राहिलीच नाही, कारण दर मंगळवारी समितीची बैठक असे आणि दर बुधवारी अण्णा नवा नकाशा काढत. समितीच्या हातून सुटलं फक्त छत. त्या बैठकीच्या दिवशी चहाबरोबर बिस्किटं होती. छताचा नकाशा सभासदांनी पेल्याखाली ठेवला आणि न बघताच पास केला. म्हणून त्या हॉलवरचं छत अण्णांना हवं तसं झालं: दोन्ही बाजूंनी अलगद वर चढत जाणारी, मधे एकही आधार नसलेली एकच कमान. पण जन्माची नोंद करायला येणारा माणूस झोपेअभावी अर्धमेला असतो आणि मृत्यूची नोंद करायला येणारा मान खाली घालूनच येतो. इतक्या वर्षांत त्या हॉलमध्ये कोणी वर बघितलं नव्हतं.

आता पालिकेने ठरवलं होतं की ही इमारत पाडायची आणि तिथे पार्किंग करायचं. सोमवारी सुनावणी होती. कोणाची काही हरकत असेल तर त्याने येऊन सांगावी.

"हरकत म्हणजे?" अण्णा वर्तमानपत्र आपटत म्हणाले. "माझं आख्खं आयुष्य आहे ते! त्यावर हे मोटारी उभ्या करणार!"

"मग जाऊन सांगा तसं," माई, म्हणजे अण्णांची बायको, म्हणाली.

"आणि मला विचारलं, तुम्ही कोण, तर? पुरावा काय दाखवू? कोनशिला?"

हे असं चाललेलं असताना मुलगी आणि जावई चार दिवसांसाठी आले. जावई अतिशय सज्जन. इतका की लग्नाला दोन वर्षं झाली तरी सासऱ्यांसमोर अर्ध्याच खुर्चीवर बसे. त्याला एकच व्यसन होतं आणि ते म्हणजे सिनेमा. त्यातही जादू, राक्षस, उडणारे घोडे असले सिनेमे. यातल्या एका सिनेमाचं शूटिंग मध्यंतरी याच शहरात झालं होतं. सिनेमा जगभर गाजला आणि आता लोक लांबून लांबून येऊन, गळ्यात ओळखपत्रं अडकवून, त्या जागा पायी फिरून बघत होते. जावयाने चौघांची तिकिटं काढली होती.

"मी नाही येणार," अण्णांनी जाहीर केलं. "ज्या गल्ल्यांची गटारं मी मोजली, त्या मला तिकीट काढून कोणी दाखवायला नको."

"पण अण्णा," जावई खुर्चीच्या आणखी कडेला सरकत म्हणाला, "शेवटचा थांबा जन्म-मृत्यू कार्यालय आहे."

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"माझी इमारत? लोक तिकीट काढून बघतात?"

"हो. खास तीच बघायला येतात बरेच जण."

"सिनेमात काय म्हणून दाखवलीय?"

जावयाने बायकोकडे बघितलं. बायकोने खिडकीबाहेर बघितलं.

"महाल," जावई म्हणाला.

"कोणाचा?"

"राजाचा."

आता हे खोटं नव्हतं. राजा होता. पुढे-मागे काय होतं ते जावयाने गिळलं, आणि सासऱ्यांसमोर गिळायची सवय असल्याने ते अगदी सहज गेलं. सिनेमा अण्णांनी बघितला नव्हता आणि असले सिनेमे बघणाऱ्यांना ते वयाने मोठी झालेली बाळं समजत. त्यामुळे त्यांनी जास्त खोदून विचारलं नाही. ते उठले, आरशासमोर उभे राहिले आणि बऱ्याच वर्षांनी स्वतःकडे जरा आदराने बघितलं.

पुढचे दोन दिवस घर डोक्यावर घेतलं गेलं. निरोपसमारंभाचा कोट निघाला. तो पोटावर बसेना, म्हणून माईने बटणं सरकवली. मग अण्णांनी भाषण तयार केलं. कोणी आग्रह केलाच तर इमारतीबद्दल दोन शब्द बोलावे लागणार, आणि आग्रह तर होणारच. भाषणाची सुरुवात "मी फार बोलणार नाही" अशी होती आणि पुढे ते बरंच लांब होतं. सुनावणीतही हेच उपयोगी पडेल, हा विचार होताच: परदेशातून माणसं येऊन ज्या इमारतीपुढे हात जोडतात, ती हे लोक पाडणार कशी?

सभासदाला बातमी जिन्यातच लागली.

"महाल? अरे वा!" दम खायचं विसरून तो आत येऊन बसला. "म्हणजे आमच्या समितीनं बांधलेला!"

"समितीनं?" अण्णा म्हणाले.

"मग! त्या उंच खिडक्या कोणाच्या डोक्यातून निघाल्या? माझ्या! तुम्ही काढल्या होत्या साध्या, माणसाच्या उंचीच्या. मी म्हटलं, कारकून बाहेर बघत बसतील, न्या वर, पार छतापाशी. आज बघा, महाल दिसतो! मी पण येतो. आणि अण्णा, हे असले बूट घालून येऊ नका. नवे घ्या. फोटो निघतील."

अण्णांनी नवे बूट घेतले. सभासदाचा सल्ला ऐकायचा नाही असं ते आयुष्यभर ठरवत आले होते, आणि नवे बूट किती चावतात हे त्यांना आयुष्यभर माहीत होतं. तरीही घेतले. फोटोचा मोह वाईट.

सकाळी चौकात मंडळी जमली. गाइड म्हणजे एक उत्साही मुलगी, पायघोळ काळा झगा घातलेली. तिने प्रत्येकाला प्लॅस्टिकची दोन शिंगं बसवलेला एक पट्टा दिला.

"हे काय?" अण्णांनी विचारलं.

"तिकिटातच आहे, सर. डोक्यावर लावायचं."

"राजाच्या महालात जाताना?"

"हो तर! त्याशिवाय मजा नाही."

अण्णांनी शिंगं कोटाच्या खिशात कोंबली. माईने लावली. सभासदाने तर, जावयाने काढलेल्या पाचव्या तिकिटावर फुकटात आलेली म्हणून, लगेच लावली, आणि खरं सांगायचं तर ती त्याला शोभत होती.

पुढचे थांबे म्हणजे अण्णांच्या दृष्टीने शहराची सरळसरळ बदनामी होती. धोबीघाटाच्या हौदाला गाइड अमृताचा झरा म्हणाली आणि दोन पाहुण्यांनी त्याचं पाणी बाटलीत भरून घेतलं. आत कपडे भिजत घातलेल्या धोब्याने, "अहो, सोडा आहे त्यात!" म्हणून ओरडून सांगितलं, तर त्याचाही फोटो निघाला. एका गल्लीत न्हाव्याचं दुकान होतं. ती म्हणे चेटकिणींची पेठ. न्हावी आता आरशात डोकावायचे पैसे घेत होता आणि त्याने हजामती बंद केल्या होत्या, कारण आरसाच अडलेला असे. अण्णांची गेल्या महिन्यातली कटिंग याच कारणाने दुसरीकडे झाली होती, हे त्यांना आज कळलं. आधी नुसताच बूट चावत होता, आता सगळंच चावू लागलं.

"थोडं राहिलं," जावई सारखं म्हणत होता. त्याचा चेहरा परीक्षेचा निकाल आधीच माहीत असलेल्या मुलासारखा झाला होता.

शेवटी कार्यालय आलं. दारात पहारेकरी.

"जन्म की मृत्यू?" त्याने अण्णांना विचारलं.

"काही नाही. इमारत बघायची आहे."

"त्याची खिडकी नाही."

गाइड पुढे झाली. आत जायचं तर टोकन लागतं आणि टोकन दोनच तऱ्हेचं मिळतं, हा नियम तिला पाठ होता. "सगळ्यांना मृत्यूचं द्या," ती म्हणाली. "ती रांग लवकर सरकते." अशा रीतीने अण्णा स्वतःच्या इमारतीत स्वतःच्या पायांनी, हातात मृत्यूचं टोकन घेऊन शिरले. दार बुटकं असल्यामुळे वाकून शिरले.

"मंडळी, बघितलंत?" गाइड आवाज घोगरा करत म्हणाली. "आत्ता आपण सगळे वाकलो. काळोखराजाच्या महालात कोणालाही ताठ मानेनं शिरता येत नाही!"

अण्णा सरळ होता होता थांबले. "कोणाच्या?"

"काळोखराजा, सर! राक्षसांचा राजा. जो माणसांचे आत्मे गिळतो!"

अण्णांनी जावयाकडे बघितलं. जावई एकदम बुटाची नाडी बांधायला खाली बसला. त्याच्या बुटांना नाडी नव्हती.

त्यानंतर अण्णांच्या आयुष्यातला सगळ्यात लांब अर्धा तास सुरू झाला. दार बुटकं होतं, कारण लोक घुसतात, ते रांगेत आणि नम्रपणे यावेत असं समितीच्या एका सभासदाला वाटलं होतं. "महालाच्या मधोमध हा शापित खांब," गाइड सांगत होती. "राजकन्येला यालाच बांधलं होतं. नीट बघा, हा वर कशालाही टेकत नाही!" नाहीच टेकत. अण्णांच्या छताला खांबाची गरजच नव्हती. पण अध्यक्षांना बिनखांबाचं छत डोक्यावर पडेल असं वाटे, म्हणून त्यांच्या समाधानासाठी एक खांब उभा केला आणि सिमेंट संपल्यावर वीतभर आधीच थांबवला. "आणि हा जिना! अठरा पायऱ्या आणि वर नुसती भिंत! राजा आत्म्यांना सांगतो, चढा, वर मुक्ती आहे. बिचारे चढतात... आणि भिंतीत गडप!" काही बायांच्या अंगावर काटा आला. जिना वरच्या मजल्यासाठी होता. मजला नामंजूर झाला तेव्हा जिना बांधून झाला होता, आणि तो पाडायचा तर वेगळी मंजुरी लागत होती. ती अजून आलेली नाही.

"आणि त्या खिडक्या!" सगळ्यांनी वर माना केल्या. "कैद्यांना बाहेरचं जग दिसू नये म्हणून इतक्या उंच! हा क्रूरपणा फक्त राक्षसालाच सुचू शकतो."

सभासदाने हळूच डोक्यावरची शिंगं काढली.

"मूळ कल्पना अण्णांची," तो शेजारच्या बाईला म्हणाला.

तेवढ्यात काउंटरवरच्या कारकुनाने नेहमीच्या सवयीने पुकारलं, "पुढचा!" तो आवाज भिंतींवर आपटत, खांबाला वळसा घालत, जिन्यावरून चढून परत खाली आला. सगळे पाहुणे किंचाळले आणि मग आनंदाने टाळ्या वाजवू लागले.

"राक्षसाचा आवाज इथेच रेकॉर्ड केलाय!" गाइड म्हणाली. "सिनेमाच्या कलादिग्दर्शकांची कमाल म्हणजे हा सगळा सेट त्यांनी उभा केला आणि शूटिंगनंतर पालिकेला दान दिला."

इथे अण्णांचा बांध फुटला. बदनामी एकवेळ सहन होते, पण सेट?

"सेट?" ते ओरडले. "अहो, विटांची आहे! एकेक वीट मी ठोकून बघितलीय! ही इमारत मी बांधली! मी! तीस वर्षांपूर्वी!"

हॉल घुमला. मी, मी, मी, असं तीनदा. मग एका पाहुण्याने टाळी वाजवली, दुसऱ्याने वाजवली, आणि बघता बघता अण्णांभोवती शिंगवाल्यांचा गराडा पडला.

"महालाचा बांधणारा! सिनेमात त्याला राजा भिंतीत चिणतो ना?"

"काय अॅक्टिंग करतात! काका, जरा तसंच ओरडा ना परत."

"मी अॅक्टर नाही! मी निवृत्त सहायक वास्तुशास्त्रज्ञ आहे!"

"कोट पण जुन्या काळचा घातलाय बघ," कोणीतरी कौतुकाने म्हणालं.

रांगेतल्या खऱ्या लोकांनी तक्रार केली. पहारेकरी आला. "आजोबा, टोकन मृत्यूचं आहे ना? मग शांत राहा," तो म्हणाला आणि त्याने अण्णांना दंड धरून बाहेर काढलं. बाहेर काढताना त्यांना बुटक्या दारातून परत वाकवलं. दाराशी डाव्या हाताला कोनशिला होती. अण्णांना वाटलं, ती हसतेय.

घरी आल्यावर अण्णांनी बूट काढून असे भिरकावले की एक थेट जिन्यात गेला. जावई तो उचलून आणायला गेला आणि बराच वेळ परत आला नाही.

"सोमवारी मी जातो सुनावणीला," अण्णा गरजले, "आणि सांगतो, पाडा! लवकर पाडा! माझ्या इमारतीत आत्मे गिळतात म्हणे! सांगतो त्यांना, की बाबांनो, मी असलं काहीएक काढलं नव्हतं. खिडक्या मी साध्या काढल्या होत्या, जिना कुठेतरी जात होता, दार माणसांचं होतं. नकाशे आहेत माझ्याकडे!"

"आणि मग?" माईने विचारलं.

"मग काय! पाडतील!"

"छत पण?"

अण्णा अनवाणी पाय हलवत बसले.

"सिनेमा तरी बघा एकदा," माई म्हणाली. "शत्रूचा माल बघून मग शिव्या द्याव्यात."

संध्याकाळी सिनेमा लावला. अण्णा हाताची घडी घालून, टीव्हीकडे अर्धी पाठ करून बसले. काळोखराजा आला तेव्हा "हा बघा, डिट्टो आमचे अध्यक्ष," एवढंच म्हणाले. घोडे उडाले तेव्हा जांभई दिली. मग राजकन्येला खांबाला बांधलं. काळोखराजा तिला म्हणाला, खाली मान घाल. आणि राजकन्येने मान वर केली.

तिच्या नजरेबरोबर कॅमेरा निघाला. खांब संपला तिथे थांबला नाही; त्या उंच खिडक्यांतून आडवं येणारं ऊन कापत वर गेला, आणि पडदाभर ती कमान उलगडली. एका भिंतीपासून उठून, कुठेही न टेकता, दुसऱ्या भिंतीवर अलगद उतरणारी. मागे वाद्य वाजत होतं तेही थांबलं. पडद्यावर बराच वेळ काहीही घडत नव्हतं, नुसतं छत होतं.

अण्णा टीव्हीकडे पूर्ण वळले होते.

"हा शॉट लांबलाय जरा," मुलगी म्हणाली.

"काही लांबला नाही," अण्णा खेकसले. "जरा मागे घे रे तो." आणि जावयाने आयुष्यात पहिल्यांदाच पूर्ण खुर्चीवर बसून तो मागे घेतला. अण्णांनी तो पाचदा बघितला, आणि नंतर माईला चहा टाकायला सांगितलं.

सोमवारी पालिकेच्या सभागृहात सुनावणी झाली. अधिकारीबाईंना सर्दी झाली होती आणि घरी जायची घाई होती. सभागृहाचा मागचा अर्धा भाग शिंगांनी भरला होता. झगेवाली गाइड आपली सगळी फौज घेऊन आली होती. पुढच्या रांगेत अण्णा, माई, मुलगी, जावई. सभासदही आला होता. मात्र आपण बांधकाम समितीवर होतो ही गोष्ट त्याने परवापासून कोणालाही सांगितली नव्हती.

पार्किंगवाल्या इंजिनीअरने आधी बाजू मांडली. खिडक्यांतून काही दिसत नाही. खांब कशाला टेकत नाही. जिना कुठे जात नाही. दाराला दर आठवड्याला कोणाचं तरी कपाळ फुटतं. तेव्हा ही इमारत म्हणजे चुकांचं गाठोडं आहे, पाडावी.

मग गाइड उठली. तिने अक्षरशः तेच सगळं सांगितलं, फक्त प्रत्येक वाक्यानंतर तिच्या फौजेने टाळ्या वाजवल्या. असा खांब जगात कुठे नाही. असा जिना जगात कुठे नाही. तेव्हा ही इमारत म्हणजे कलाकृती आहे, राखावी.

अधिकारीबाई शिंकल्या. "हे बघा, मला साधं सांगा. नियम असा आहे, की मुद्दाम अशी बांधली असेल तर कलाकृती. राहील. चुकून झाली असेल तर चूक. पाडू. हिचे आर्किटेक्ट कोण?"

कोणालाच माहीत नव्हतं. इंजिनीअर म्हणाला, कोनशिलेवर नाव नाही. गाइड म्हणाली, आर्किटेक्टला राजाने भिंतीत चिणलं.

अण्णा उभे राहिले. "मी."

"पुरावा?" अधिकारीबाईंनी विचारलं.

अण्णांच्या काखेत नकाशांची गुंडाळी होती. पहिला, समितीने हात लावायच्या आधीचा नकाशा. साध्या खिडक्यांचा, माणसाच्या उंचीच्या दाराचा. तो उलगडला की अण्णांची अब्रू धुऊन निघणार होती: बघा, मी शहाणा माणूस आहे, यातलं एकही खूळ माझं नाही. आणि मग चूक ती चूक. पाडणार. छतासकट.

घाम पुसायला म्हणून त्यांनी कोटाच्या खिशातून रुमाल ओढला. रुमालाबरोबर शिंगं बाहेर आली आणि जमिनीवर पडून टणटणत अधिकारीबाईंच्या टेबलाखाली गेली. मागून टाळ्यांचा कडकडाट झाला. माईने शिंगं उचलली, फुंकर मारून झटकली आणि अण्णांच्या हातात दिली.

"हाच समजू पुरावा," अधिकारीबाई वैतागून म्हणाल्या. "आता हो किंवा नाही, एवढंच सांगा. ही इमारत काढताना तुमच्या डोळ्यांसमोर राक्षस होता का?"

अण्णांनी हातातल्या शिंगांकडे बघितलं. मग मान वळवून सभासदाकडे बघितलं. सभासद छताकडे बघत होता. पण हे पालिकेचं सभागृह असल्यामुळे तिथे बघण्यासारखं छत नव्हतं. नकाशांची गुंडाळी अण्णांनी पुन्हा काखेत घट्ट धरली.

"होता म्हणजे?" अण्णा सावकाश म्हणाले. "एक असता तर निभावलं असतं, बाई. आख्खी समिती होती. दर मंगळवारी बसायची."

अधिकारीबाईंची सर्दी क्षणभर थांबली. नोकरीत त्यांनीही काही समित्या बघितल्या असाव्यात. त्यांनी सभासदाकडे एकदा निरखून बघितलं, पेन उघडलं आणि म्हणाल्या, "मुद्दाम बांधलेली. राहील."

पार्किंगसाठी पालिकेने दुसरी जागा बघितली. त्या जागेवर कोणाची हरकत आहे ती सुनावणी चालू आहे.

टूर आता रोज दोनदा निघते. खांबापाशी गाइड सगळ्यांना सांगते, "आता मान वर करा," आणि बाहेरून आलेली, आतली, जन्माची, मृत्यूची, सगळी माणसं मान वर करतात. रांग तेवढा वेळ थांबते, म्हणून कारकून चिडतो. तो चिडून "पुढचा!" म्हणाला की टाळ्या पडतात.

शेवटचा थांबा मात्र नवीन आहे. बाहेर पडताना गाइड सगळ्यांना दाराशी, डाव्या हाताला थांबवते आणि कोनशिलेवर टॉर्च मारून घोगऱ्या आवाजात एकेक नाव वाचते. "हे ते राक्षस!" प्रत्येक नावाला शिंगवाले हुर्यो करतात. चौथ्या नावाला जास्त करतात, कारण खिडक्या त्याच्या.

परवा सभासद जिन्यात दम खायला थांबला तेव्हा त्याचा चेहरा रडवेला झाला होता.

"अण्णा, हे थांबवा हो. तुमचं ऐकतील ती मुलं. भाजीवाल्यानं आज मला शिंगं कुठेत विचारलं. निदान एवढं तरी करा, माझं नाव पुसायला सांगा. नाहीतर तुमचंही घाला की त्यात! आपण सगळे मिळूनच बांधलीय ना?"

अण्णांनी दार पूर्ण उघडलं. बऱ्याच वर्षांचा राग होता. तो ते अगदी हलक्या हाताने, पुसून जपून ठेवल्यासारखा बाहेर काढत होते.

"घातलं असतं हो," ते म्हणाले, "पण जागा संपली!"